पेडल नेहमीसारखं, काटा सातवर, तरी उतारावर गाडी ऐकेना

जुनाडबा

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. गाडी जुनी, दोन अ‍ॅक्सलची. पूर्ण एअर ब्रेक, चारही बाजूंना ड्रम, मागे स्प्रिंग ब्रेक (पार्किंगचा, हवा काढली की लागणारा), स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेक चेंबरचा दांडा आणि कॅम यांना जोडणारा हात) हाताने आवळायचे. एबीएस नाही, एअर ड्रायर नाही. चालवतो मीच आणि झेपेल तेवढी उघडतोही मीच.

रिकामी गाडी जागच्या जागी थांबते. भरलेली असली तरी सपाटीवर कुरकुर नाही. पण लांब उतार लागला की चार-पाच वळणांनंतर ब्रेकचा जीव जातो. पेडल नेहमीइतकंच खाली जातं, सोडलं की हवा नेहमीसारखी फुस्स करते, गेजचा काटा सातच्या आसपास. परवा कसाबसा खाली आलो आणि चाकांजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाकांपाशी हात धरवेना, डाव्या मागच्याला तर जळका वास. उजवं मागचं नुसतं कोमट.

फिटरने फूट व्हॉल्व्ह बदलला. काडीचा फरक नाही. आता तो म्हणतो रिले व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकना हवा देणारा) बदलू, कारण पार्किंग ब्रेक सोडला की मागच्या रिलेच्या तोंडातून बारीक हवा येत राहते. बदलू का? की आधी आणखी काही बघू?

रात्रपाळी

लायनर (ड्रमला घासणाऱ्या शूवरचं अस्तर) काचेसारखे गुळगुळीत झाले असणार. जास्त तापले की वर चकाकी येते आणि मग घासतात नुसते, धरत नाहीत. चारही चाकांचे बदला, ड्रम लेथवर लावून घ्या. आणि उतरताना गिअर कोणता असतो ते लिहा. अर्धं उत्तर तिथेच असतं.

जुनाडबा

गिअर: ज्याने चढलो त्याच्या एक वरचा. चुकतंय का?

पाना_बारा

गिअरचं नंतर बोलू. लायनर, रिले, सगळं तूर्त राहू द्या. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: उजवं मागचं नुसतं कोमट. उतार उतरून आलेल्या गाडीचं जे चाक थंड, ते कामचुकार. त्याच्या वाट्याचं काम बाकीच्या तिघांनी केलं म्हणून ती भाजून निघाली. लोक जळक्या वासामागे धावतात आणि दुखणं थंड चाकात असतं.

फिटरला एकच विचारा: पुशरॉड (चेंबरमधून हवेच्या जोराने बाहेर सरकणारा दांडा) किती बाहेर येतो ते मोजलंस का?

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तुमचा पाय आणि शू यांच्या मध्ये ब्रेक ऑइलचा सलग खांब असतो. शूला जास्त अंतर कापावं लागलं की पेडल खाली जातं, पायाला लगेच कळतं. एअर ब्रेकमध्ये पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो. पायाला जो जोर लागतो तो त्या व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा. तिकडे चेंबरचा दांडा इंचभर चालला काय नि अडीच इंच चालून टोकाला टेकला काय, पेडलला पत्ता नसतो. गेजला तर मुळीच नाही, तो बिचारा टाकीतला दाब दाखवतो.

आता जरा हिशेब, कंटाळा आला तर सोडून द्या. टाइप ३० चा चेंबर म्हणजे डायफ्रॅमचं (आतल्या रबरी पडद्याचं) कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच, सुमारे १९४ चौरस सेंटिमीटर. सात किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो) दाबाला पुशरॉडवर साडेतेराशे किलोच्या आसपास जोर येतो. पण हा जोर चाल शिल्लक आहे तोवरच. डायफ्रॅम टोकाकडे पोहोचायला लागला की जोर भराभर पडतो, आणि टेकला की लायनरला काहीच मिळत नाही, हवा नुसती डब्याच्या पत्र्याला रेटत बसते. साध्या टाइप ३० ची पूर्ण चाल अडीच इंच, म्हणजे ६४ मिलिमीटर. ब्रेक आवळायची हद्द दोन इंच, ५१ मिलिमीटर. टाइप २० आणि २४ ला पावणेदोन इंच, ४४ मिलिमीटर. लांब चालीचे चेंबर निराळे, त्यांच्या हवेच्या पोर्टची बैठक चौकोनी असते, ते आधी बघून घ्या.

आणि उतारावरच का? तर ड्रम तापला की फुगतो. साडेसोळा इंची, म्हणजे ४१९ मिलिमीटरचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर व्यास साधारण १.४ मिलिमीटरने वाढतो. एका बाजूला ०.७. ऐकायला किरकोळ. पण स्लॅकचा हात दीडशे मिलिमीटर आणि शू पसरवणाऱ्या एस-कॅमची कामाची त्रिज्या साडेबारा-तेरा, म्हणजे बारापट. ते ०.७ मिलिमीटर पुशरॉडवर आठ-दहा होऊन उतरतात. थंडीत ४७ वर उभं असलेलं चाक चार वळणांनंतर ५६ वर. सपाटीवर ड्रम इतका तापतच नाही, म्हणून तिथे सगळं झकास.

मोजा आणि चारही आकडे इथे टाका. त्याआधी एक नटही बदलू नका.

जुनाडबा

काका, मोजायचं कसं? पार्किंग सोडून मोजायचं तर गाडी धरणार कोण?

पाना_बारा

ठोकळे. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दणकट ठोकळे, ड्रम थंड. टाकी भरून घ्या, इंजिन बंद, मग पार्किंग सोडा. पार्किंग लागलेला असताना मागचा दांडा आधीच बाहेर आलेला असतो, त्या स्थितीत घेतलेलं माप फुकट. पुशरॉड चेंबरच्या तोंडातून जिथे बाहेर पडतो तिथे खडूने बारीक रेघ मारा. दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा, दाब सव्वासहा ते सात किलोच्या मध्ये हवा. रेघ तोंडापासून किती लांब गेली ते पट्टीने मोजा. पट्टी दांड्याला समांतर, तिरकी नको. गाडीखाली जाताना चावी आपल्या खिशात. पेडलवरचा माणूस फोनवर बोलणारा नको.

डिझेलधूर

धागा भरकटवतोय, माफ करा, पण ब्रेकचंच आहे. माझी त्याहून जुनी, हायड्रॉलिक ब्रेकची, चॅसिसला बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा) टांगलेला. ब्रेक ऑइल दर आठवड्याला बोटभर कमी होतं. चारही चाकं कोरडी, पाइप कोरडे, मास्टर सिलिंडरखाली थेंब नाही. तेल जातं कुठे?

हवाबंद

इंजिन पितंय. बूस्टरमधलं सील गेलं की तेल व्हॅक्यूमच्या बाजूला ओढलं जातं. बूस्टरची व्हॅक्यूम नळी काढा आणि आत बोट घालून बघा, ओली लागली तर निदान झालं. जोडीला एक चाचणी: इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. बूस्टर धड असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. हललंच नाही तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम पंप.

पाना_बारा

+१. आणि कमी झालेलं तेल भरताना डब्यावर काय लिहिलंय ते बघून भरा. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल चमचाभर जरी पडलं तरी सगळी रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या चाकापर्यंत सगळं उघडावं लागतं. डॉट ३ आणि डॉट ४ ही एकाच जातीची, दोन्ही हवेतलं पाणी शोषतात. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. म्हणजे तुमच्याही ब्रेकचा उतारावर जीव जाऊ शकतो, फक्त कारण वेगळं: तेलात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं होतं. पण तुमच्या पायाला ते कळतं, या धाग्याच्या मालकाला कळत नाही, एवढाच फरक. डॉट ५ सिलिकॉनचं, ते या दोघांत मिसळू नका.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असेल तर त्याच्या भरवशावर मागचं एक चाक जॅकवर उचलू नका. शाफ्ट धरलेला असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक एका दिशेने आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेने फिरू शकतं. गाडी जॅकवरून निघून जाते. मी जाताना पाहिली आहे. खाली कोणी नव्हतं म्हणून आज त्याची गोष्ट होते.

नवा_पाना

रिलेतून हवा येते म्हणजे मागच्या चेंबरचा डायफ्रॅम फाटलेला. सोपं काम आहे, डब्याच्या पट्ट्याचे दोन बोल्ट काढले की उघडतो. मी व्हिडिओत पाहिलंय, दहा मिनिटांत होतं.

हवाबंद

थांबा. जुनाडबा, हे वाचून पाना उचलला असेल तर खाली ठेवा.

स्प्रिंग ब्रेकचा चेंबर दोन मजली असतो. चाकाकडचा, म्हणजे पुढचा मजला रोजच्या (सर्व्हिस) ब्रेकचा, मागचा मजला स्प्रिंगचा. त्यात दाबून बसवलेली स्प्रिंग जवळपास हजार किलोचा जोर घेऊन बसलेली असते, टाकीत हवा असो वा नसो. मागच्या मजल्याचा पट्टा सोडलात तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. माणसं मेली आहेत यात. तो मजला उघडायचाच नाही, अख्खा डबा बदलायचा. पुढच्या मजल्याचा डायफ्रॅम बदलायचा असला तरी आधी केजिंग बोल्ट घालून स्प्रिंग पूर्ण आवळून घ्यायची, मग पट्ट्याला हात. डब्याच्या बाजूला खोबणीत तो लांब बोल्ट ठेवलेला असतो. नसेल तर मिळवल्याशिवाय कामाला सुरुवात नाही.

नवा_पाना, राग नको. व्हिडिओतल्याने केजिंग आधीच केलेलं असणार आणि ते कापलेलं असणार.

आता त्या बारीक हवेबद्दल. पार्किंग सोडलेला आहे, पेडलला पाय नाही आणि सर्व्हिस रिलेच्या तोंडातून हवा येते. अशा वेळी पार्किंग लावून बघा. पार्किंग लावला की स्प्रिंगच्या मजल्यातली हवा निघून जाते. त्याबरोबर गळती थांबली तर रिले निर्दोष आहे. दोन मजल्यांमधून जो दांडा जातो त्याचं सील गेलंय, मागच्या मजल्यातली हवा पुढच्या मजल्यात येते आणि सर्व्हिसच्या नळीतून उलटी रिलेपर्यंत जाऊन तिथून बाहेर पडते. आवाज रिलेतून येतो म्हणून मार रिलेला. पार्किंग लावूनही गळती चालूच राहिली, तर मात्र रिलेच्या आतला व्हॉल्व्ह बसत नाही.

दोनपैकी कुठला डबा ते ओळखायला ठोकळे लावून, पार्किंग सोडून, एकेका चेंबरची सर्व्हिसची नळी सोडायची. ज्या चेंबरच्या तोंडातून हवा आली तो गुन्हेगार.

नवा_पाना

केजिंग बोल्टचं खरंच माहीत नव्हतं. आभार. वरची पोस्ट संपादित करू का?

हवाबंद

राहू दे. पुढचा माणूस नेमकं तेच शोधत येईल, खाली उत्तर सापडेल.

जुनाडबा

मोजलं. भावाला पेडलवर बसवलं, फोन काढून घेतला.

पुढे टाइप २० आहेत: डावा ३८, उजवा ३९. मागे टाइप ३०, साधे: डावा ४७, उजवा ६१.

एकसष्ट!! पट्टी दोनदा लावली. पेडल सोडलं तरी उजव्याचा दांडा आळसावल्यासारखा मागे येतो.

आणि आता कबुली. मागचे दोन्ही स्लॅक महिन्यापूर्वी मीच आवळले होते. म्हणून तिकडे संशय गेलाच नाही. उजव्याच्या बोल्टवर पान्याने दाबून आत जाणारी जी लॉकची बाही असते, ती चिखल-ग्रीसच्या लगद्यात आतच अडकून बसली होती. पाना काढल्यावर ती उसळून वर येते की नाही ते मी बघितलं नव्हतं. लॉकच नाही म्हटल्यावर बोल्ट हादऱ्यांनी हळूहळू सैल होत गेला असणार.

पार्किंगची चाचणीही केली. पार्किंग लावला की रिलेची हवा बंद, सोडला की चालू.

पाना_बारा

शाब्बास. कबुली देणारा माणूस धाग्यावर सहसा परत येत नाही.

आता आवळताना: पार्किंग सोडलेला, ठोकळे, ड्रम थंड. गरम ड्रमवर आवळलंत तर तो निवल्यावर आक्रसतो आणि चाक धरून बसतं. बाही आधी डिझेलने धुऊन मोकळी करा. बोल्ट फिरवताना नजर कॅमवर ठेवा, ब्रेक मारल्यावर कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरला पाहिजे. शू ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे. बाही वर आली का, बोटाने चाचपा. आणि परत मोजा, कारण फेऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, पट्टीवर ठेवायचा.

शू बघायला ड्रम काढलात तर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

रात्रपाळी

मान्य, माझे लायनर चुकले. पण या सगळ्या कटकटीपेक्षा ऑटो स्लॅक बसवून टाका ना. विषय संपतो.

पाना_बारा

संपत नाही, लपतो. ऑटो स्लॅक फक्त लायनरची झीज भरून काढतो. कॅमशाफ्टचं बुश खाल्लेलं असेल, दांडा आणि स्लॅक जोडणाऱ्या क्लेविसच्या पिनेचं भोक लांबट झालं असेल, चेंबरचा ब्रॅकेट वाकत असेल, तर चाल वाढलेलीच राहते. मग कोणीतरी येऊन तो ऑटो स्लॅक हाताने आवळतो, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. ऑटो स्लॅक हाताने आवळायची पाळी आली म्हणजे दुसरीकडे काहीतरी बिघडलंय. बसवायचाच तर एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना, एकाच जातीचा, हाताची लांबी तीच.

रात्रपाळी

ठीक. मग आता गिअरवर या. मी तर उतारावर पेडलवर हलका पाय कायम ठेवतो, मारा-सोडा करत नाही. हवा वाचते.

पाना_बारा

हवा वाचते, ड्रम जातात. जुन्या गाडीत सगळी चाकं एकाच दाबाला धरायला लागत नाहीत. गंजलेला कॅम, कडक झालेली रिटर्न स्प्रिंग, कुठलं चाक अर्ध्या किलोला जागं होतं, कुठलं एक किलोला. हलक्या पायाने जे आधी जागं होतं तेवढंच काम करतं आणि एकटंच भाजतं. त्यापेक्षा गाडीला झेपेल असा वेग ठरवा, तो गाठला की ठासून ब्रेक मारा, आठ-दहा किलोमीटरने वेग उतरवा, पूर्ण सोडा. वेग परत वर आला की पुन्हा. मधल्या वेळात ड्रम श्वास घेतात. अर्थात ही नुसती मदत, गाडी धरायचं मुख्य काम इंजिनचं. आणि जुनाडबा, चढलात त्याच्या वरचा गिअर चुकीचाच. निदान तोच, भार जास्त असेल तर एक खालचा, आणि तोही उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मध्यावर गिअर बदलायला गेलात आणि पडला नाही तर न्यूट्रलमध्ये लटकाल.

हवाबंद

टाकीचा विषय राहिला. ड्रायर नाही म्हणालात. ओली टाकी (कॉम्प्रेसरनंतरची पहिली, जिथे पाणी साठतं) रोज सोडता का? काय निघतं?

जुनाडबा

रोज नाही... आठवड्याला. पाणी, आणि थोडं दुधाळ.

हवाबंद

नुसतं पाणी असतं तर काळजी नव्हती. दुधाळ म्हणजे पाण्यात तेल घुसळलेलं, कॉम्प्रेसर थोडं तेल फेकतोय. काळं, चिकट यायला लागलं तर रिंगा बघा आणि कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंतच्या पाइपात कार्बन साठलाय का तेही बघा. हेच तेल रिले आणि फूट व्हॉल्व्हची रबरं फुगवतं. रोज सोडा.

सोडताय तर महिन्यातून एकदा हेही करा: टाकी भरून इंजिन बंद, ठोकळे लावून पार्किंग सोडलेला, पेडल पूर्ण दाबून धरा. पहिली घसरण झाली की तिथून एक मिनिट मोजा. ०.२ बारपेक्षा जास्त उतरलं तर साबणाचं पाणी घेऊन फिरा. मग चावी चालू ठेवून पेडल मारत मारत हवा उतरवा. चार किलोच्या आसपास बझर वाजलाच पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याची वायर कोणीतरी आवाजाला कंटाळून कापलेली असते.

जुनाडबा

...आमचीही कापलेली निघाली. जोडली.

डिझेलधूर

नळी ओली होती. बोट काळं-पिवळं. बूस्टर खाली उतरवलाय. धन्यवाद.

जुनाडबा

दहा दिवसांनी परत आलो.

गळणारा डबा डावा मागचा निघाला, अख्खा बदलला, केजिंग बोल्ट घालूनच. रिलेची हवा बंद. रिले जुनाच आहे. डावा आवळल्यावर ३८, उजवा ४०. त्याच उतारावरून भरलेली गाडी आणली, खालच्या गिअरमध्ये, ठासून मारा आणि सोडा असं करत. खाली उतरून चारही चाकांजवळ हात नेला, सगळीकडे सारखी धग. ते कोमट चाक या वेळी चांगलंच तापलं होतं आणि मला कधी नव्हे तो तापलेल्या ड्रमचा आनंद झाला.

आज थंड गाडीवर परत मोजलं. पुढचे तसेच. डावा मागचा ३९. उजवा ४०चा ४६ झालाय. बाही वर आहे, बोल्ट हललेला नाही, त्यावर रंगाचा ठिपका मारून ठेवला होता.

पाना_बारा

ठिपका छान. ठोकळे लावा, पार्किंग सोडा, स्लॅकच्या बाजूने कॅमशाफ्ट धरून वर-खाली उचलून बघा.

जुनाडबा

उचललं. डोळ्यांनी दिसेल इतकं हलतंय. दोन्ही बाजूंची बुशं सांगितली आहेत, येईपर्यंत गाडी उभी.